लाल फडक्यातली चिनी पोथी

कमिटीने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. एका फुलस्केप कागदावर, एकाच बाजूने, आठ दिवसांत. एका कागदावर माझा नुसता रागसुद्धा मावत नाही, म्हणून मी दोनशे पानी वही आणली. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत गेले आणि पाठच्या भावाला सांभाळायला आईने घरी बसवलं. तेव्हा अक्षर वाकडंतिकडं असेल, पण ते माझं आहे. सेक्रेटरी तुळशीदास यांनी चष्मा पुसून वाचावं.

नोटीस म्हणते, मी शेवंती दत्ताराम, खोली नंबर अकरा, मुलुंड पूर्व, हिने श्रावण महिन्यात सोसायटीच्या जागेत शत्रूराष्ट्राच्या अश्लील वाङ्मयाचं जाहीर वाचन केलं आणि उद्यापनाला नियमबाह्य मेहूण बसवलं. सगळं खरं आहे, फक्त अश्लील सोडून. अश्लील काय असतं ते मला ठाऊक आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या पंपावरून जी भाषा होते ती मी गॅलरीतून ऐकते.

सुरुवात विमलाताईंपासून झाली. विमलाताई म्हणजे तुळशीदासांची बायको. आमच्या महिला मंडळात दर श्रावणात दुपारी पोथी लावतात. पोथी त्यांची, चौरंग त्यांचा आणि सांगतेच्या दिवशी मेहूण म्हणून पाटावर जेवायला बसतात तेही हेच नवरा-बायको. जोडप्याचे पाय धुऊन त्यांना जेवू घातल्याशिवाय पोथी पुरी होत नाही, आणि तुळशीदासांचे पाय सात वर्षं धुऊन धुऊन मंडळाच्या बायकांना आता त्यांच्या टाचांच्या भेगासुद्धा पाठ आहेत.

यंदा मी म्हटलं, पोथी आमच्याकडे होऊ दे. विमलाताई हसल्या. "शेवंतीताई, पोथी लागते हो त्याला. गिरणीवाल्यांच्या घरी कॅलेंडर असतं फार तर."

संपात आमच्या ह्यांची गिरणी गेली, आता हे साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर उभे राहतात. पण गिरणी गेली म्हणून घराणं जात नाही. मी म्हटलं, "आमच्या मामंजींच्या हातची पोथी आहे. लाल फडक्यात."

मामंजींनी खरंच पोथी उतरवलेली. लाल फडक्यात बांधलेली एक चीज पलंगाखालच्या ट्रंकेत मी डोळ्यांनी बघितली होती. ट्रंक माझ्या दिराची, चंद्रप्रकाश भावोजींची. लोखंडी, जड, उचलायला दोन माणसं लागतात. भावोजी चार वर्षांपूर्वी घर सोडून गेले ते ट्रंक न घेताच. का गेले ते पुढे येईल. खुलासा माझा आहे, क्रम मी ठरवणार.

आता कुणी विचारेल, फडकं सोडून आधी बघितलं का नाही? तर बांधलेली पोथी संकल्पाशिवाय सोडत नाहीत. मी आमच्या सासूबाईंकडून हे शिकले, आणि सासूबाई चुकल्या असं म्हणायची अजून कुणाची छाती झाली नाही.

पहिल्या दिवशी सोसायटीच्या सभागृहात, म्हणजे टाकीखालच्या खोलीत, बावीस बायका जमल्या. मी फडक्यावर हळदकुंकू वाहिलं, हातावर पाणी घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा संकल्प केला, की ही पोथी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेईन, मध्ये सोडणार नाही, सोडली तर दोष माझ्या माथी. मग गाठ सोडली. वाचायला माझी सून अनुपमा. बी.ए. आहे. तिने पहिलं पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आई, जरा..."

"चष्मा लागलाय का तुला? जे लिहिलंय ते वाच."

तिने वाचलं. "उत्तरेच्या वेशीपलीकडे, जिथून वाळवंट सुरू होतं, तिथे एक गढी होती. त्या गढीच्या सरदाराला लिहितावाचता येत नव्हतं."

मी हात जोडले. सगळ्यांनी जोडले. गढी आहे, सरदार आहे, मग पोथीच. सरदाराचं नाव काही तोंडात बसेना. विमलाताई म्हणाल्या, "हा कुठला अवतार?"

"उत्तरेकडचा," मी म्हटलं.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा अनुपमा दाराला टेकून उभी राहिली. "आई, ती पोथी नाहीये. ते चंद्रप्रकाशकाकांचं अक्षर आहे. चीनमधली जुनी, राजेरजवाड्यांच्या काळातली कादंबरी आहे. त्यांनी इंग्रजीवरून मराठीत उतरवलीय."

मामंजींची पोथी गावच्या चुलत्यांनी केव्हाच नेली होती. मागे उरलेलं फडकं भावोजींनी आपल्या कागदांना गुंडाळलेलं. हे सगळं मला तव्यासमोर कळत होतं.

"आहे काय त्यात?"

"एक सरदार आहे आणि एक कारकून. दोघांची गोष्ट आहे."

"पोथीत पुरुषच असतात. बायका कुठे, तर पाय चेपायला."

"तसं नाही आई. प्रेमाची गोष्ट आहे. त्या दोघांच्या."

मी भाकरी उलटवली. फुगली ती चांगली. मग म्हटलं, "संकल्प केला की नाही? केला. मग उद्या दुसरा अध्याय."

नावं तोंडात बसेनात म्हणून आमच्या सोनूबाईंनी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, सरदाराला थोरला आणि कारकुनाला धाकटा करून टाकलं. धाकट्याला राजधानीहून गढीवर पाठवलेला, शिपायांची घरची पत्रं लिहायला. थोरला रोज त्याला बोलावून एक पत्र सांगायचा. आज वारा होता, घोडी व्याली, डोंगरावर बर्फ पडलं. धाकटा विचारायचा, पाठवू कुणाला? थोरला म्हणायचा, राहू दे.

मला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं, त्यामुळे थोरला मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला. वाचता न येणाऱ्याला लोक बिनडोक समजतात. तो गढी सांभाळत होता, मी अकरा नंबर.

पाचव्या दिवशी धाकट्याने परत विचारलं, इतकी पत्रं झाली, पत्ता काय घालू? थोरला म्हणाला, "पत्ता कशाला? लिहून झालं की तूच ठेवत जा."

टाकीत पाणी पडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. सोनूबाईंनी पदराने नाक पुसलं. "मेल्याक सरळ सांगाक काय झाला होता?"

विमलाताईंच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे हे दोघं एकमेकांचे कोण?"

"तुका आता कळला?" सोनूबाई म्हणाल्या. "माका दुसऱ्या दिवशीच कळला. घोडीचा सांगाक कोण रोज बोलावता?"

विमलाताई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सभागृहाला कुलूप.

तुळशीदास जिन्यात उभे होते. "शेवंतीबाई, चीनने आपल्यावर हल्ला केला होता."

"बासष्ट साली. हे दोघं त्याच्या बाराशे वर्षं आधी मेले. त्यांनी काय केलं तुमचं?"

"सभागृहात कार्यक्रम करायचा तर वॉर्डातून परवानगी आणा. नियम आहे."

सात वर्षांत हा नियम कुणी ऐकला नव्हता. पण मला नियम दाखवला की मी तो पाळून दाखवते. तीच तर माझी खोड. अनुपमाला घेऊन ऑफिसात गेले. तिथले क्लार्क डबा खात होते, त्यांचा डबा होईपर्यंत उभी राहिले.

"कार्यक्रम धार्मिक की करमणुकीचा?"

"पोथी आहे."

"देवाचं नाव?"

"देव नाहीत त्यात."

"मग करमणूक. कलाकार किती?"

"दोन. दोघेही वारलेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वारले म्हणजे पुण्यतिथी का?"

मी म्हटलं, "तसंच म्हणा." मेलेल्या माणसाची कुठली ना कुठली तिथी असतेच. त्यांना बरं वाटलं, कारण पुण्यतिथीचा फॉर्म वेगळा असतो आणि तो त्यांच्याकडे होता. अशा रीतीने दोन चिनी गृहस्थांच्या पुण्यतिथीनिमित्त श्रावण अखेरपर्यंत रोज दुपारी वाचन, असा सही-शिक्क्याचा कागद मिळाला. फक्त तो फॉर्म उघड्या जागेचा निघाला. म्हणजे सभागृह बंद आणि कंपाउंड आमचं.

इतके दिवस बावीस बायका बंद खोलीत ऐकत होत्या. आता कंपाउंडात ताडपत्री बांधून वाचायला लागल्यावर तिन्ही मजल्यांना ऐकू जाऊ लागलं. पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर खुर्च्या कठड्याशी ओढून बसले. लागोपाठ सुट्टी न मिळणारे लोक संध्याकाळी अनुपमाला गाठून विचारायचे, थोरला तापातून उठला का? विमलाताई गॅलरीत कपडे वाळत घालायला येत. भर श्रावणात, पाऊस पडत असताना, तीच चादर रोज दोन तास.

आणि सांगतेला चार दिवस उरले तेव्हा पोथी संपली. म्हणजे गोष्ट नाही, लिहिलेली पानं. राजधानीहून हुकूम आला की कारकुनाने ताबडतोब परत यावं. पुढे पान कोरं. त्याच्या पुढचंही कोरं.

सोनूबाई म्हणाल्या, "माझे दिवस भरले हत गो. फुडे काय झाला ता कळल्याशिवाय मी जावचंय नाय."

पोथी अर्धी राहिली तर दोष माझ्या माथी. मी बोलून बसले होते, बावीस साक्षीदारांसमोर. आणि शेवट ठाऊक असलेला माणूस जगात एकच, मनोरीला.

आता ते सांगून टाकते. चंद्रप्रकाश भावोजी प्रेसमध्ये मुद्रितं तपासायचे. त्यांचे मित्र बळवंत, मनोरीचे कोळी, आमच्याकडे येत असत. मी त्यांना चहा द्यायची तो कानतुटक्या कपातून, जो आम्ही बाहेरच्यांसाठी ठेवला होता. भावोजी पस्तिशीचे झाले, मुली सांगून येत होत्या, ते नको म्हणत होते. कारण मला कळलं होतं. सोनूबाईंना दोन दिवसांत कळतं तर मला दहा वर्षांत कळणार नाही? एका सकाळी मी म्हटलं, "लग्न करा, नाहीतर ट्रंक उचला." ते उठले आणि गेले. ट्रंक एकट्याने उचलत नाही, म्हणून राहिली.

मी ह्यांना म्हटलं, "मी उद्या मनोरीला जाते."

हे पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "तरीतून उतरलीस की उजवीकडे वळ. विहिरीजवळचं घर. कुत्रा भुंकतो पण चावत नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"दर दुसऱ्या रविवारी साकीनाक्याला ओव्हरटाइम असतो असं तुला वाटतं?"

चार वर्षं. चार वर्षं मी त्या ओव्हरटाइमसाठी पहाटे उठून डबा करून दिला होता, आणि वर म्हणत होते, बिचारे किती राबतात. संसारात फसवणूक होते म्हणतात, पण माझ्याच हातची चवळीची उसळ माझ्याच दिराला चोरून पोचत होती, असा अपमान कुणाच्या वाट्याला आला नसेल.

मालाडहून बस, मार्व्याहून खाडीपार नेणारी तर. अनुपमा बरोबर होती. बळवंत ओटीवर जाळं विणत बसले होते. मला बघून उठले, आणि कुत्रासुद्धा गप्प झाला.

"वहिनी, बसा."

चहा आला. मला नवा, फुलांचा कप, बशीसकट. ते स्वतः स्टीलच्या पेल्यातून प्यायले. मी मानी बाई आहे. कुणी असं चांगलं वागवून माझी जिरवली की मला फार लागतं.

भावोजी आतून आले. केस पिकलेले. मी काम सांगितलं. सगळं, ताडपत्रीपासून पुण्यतिथीपर्यंत. बळवंत तोंडावर हात ठेवून हसत होते. भावोजी हसले नाहीत.

"वहिनी, मूळ गोष्टीत धाकटा राजधानीला जातो. तिथून पत्रं पाठवतो. थोरल्याला वाचता येत नाही, दुसऱ्याकडून वाचून घेणं त्याला बरं वाटत नाही. तो ती उशाखाली ठेवतो. आणि एक दिवस मरतो."

"मग?"

"संपलं. मला ते लिहिवेना, म्हणून पानं कोरी राहिली. मग घरच सुटलं."

"अशी सांगता असते होय पोथीची? मी बायकांना सव्वीस दिवस बसवलंय. मला चांगला शेवट पाहिजे, शनिवारपर्यंत."

"मुळात नाही तो मी कसा लिहू?"

"तुमच्या वडिलांनी पोथी उतरवताना चार ओव्या आपल्या पदरच्या घातल्या होत्या. गावात कुणी कोर्टात गेलं नाही."

मला माफी मागता येत नाही. शिकवायच्या आधीच शाळा सुटली. मी म्हटलं, "त्या ट्रंकेवर धूळ बसते. वाकून वाकून पुसून माझी कंबर गेली."

ते म्हणाले, "येतो."

"दोघं या," मी म्हटलं. "ट्रंक एकट्याने उचलत नाही."

शनिवारी सकाळी तुळशीदासांची चिठ्ठी आली. आम्ही उभयता मेहूण म्हणून येणार नाही, आणि सोसायटीतलं जे जोडपं बसेल त्याला नोटीस जाईल. बघू कुणाला जेवू घालता. मी खोल्या फिरले. कुणाची बायको तयार तर नवऱ्याचं पार्किंग अडकलेलं, कुणाचा नवरा तयार तर गळतीचा अर्ज कमिटीपुढे पडलेला. तेरा जोडपी, तेरा कारणं. मेहूण नाही म्हणजे पोथी पुरी नाही.

दुपारी कंपाउंड भरलं. भावोजी चौरंगामागे बसले, स्वतःच्या अक्षरापुढे. बळवंत मागे भिंतीला टेकून उभे. भावोजींनी वाचायला घेतलं.

धाकटा गेला. पत्रं येऊ लागली. थोरल्याने ती उशाखाली ठेवली. आणि मग, पंचेचाळीस वर्षांचा तो सरदार, छावणीतल्या न्हाव्यापुढे जाऊन बसला आणि म्हणाला, मला अक्षरं शिकव. वाळूत बोटाने गिरवायचा. शिपाई हसायचे. दोन हिवाळे गेले. मग त्याने पहिलं पत्र उघडलं. ते लावायला त्याला तीन दिवस लागले. त्यात एवढंच होतं, "जेवलास का?"

सोनूबाई रडायला लागल्या. मी नाही रडले. मला फक्त दिसत नव्हतं.

थोरल्याने स्वतःच्या हाताने पहिलं पत्र लिहिलं. वाकड्या अक्षरात. "वाचलं. ये." आणि बर्फ वितळलं त्या दिवशी वेशीवर एक घोडा दिसला.

भावोजींनी पान मिटलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून तुळशीदास ओरडले, "हा शेवट खोटा आहे. मूळ पुस्तकात तो मरतो."

सगळं कंपाउंड वर बघायला लागलं. महिनाभर त्यांना ते चिनी होतं म्हणून चालत नव्हतं, आता पुरेसं चिनी नाही म्हणून चालेना.

विमलाताई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या, चादर हातात. "तुम्ही कधी वाचलंत?"

"फोर्टातल्या लायब्ररीतून काढलं," ते म्हणाले. "पुरावा म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी रोज ही ओली चादर धरून उभी राहते ते काय वेड लागलंय म्हणून?"

पुढचं त्यांच्या घरात गेल्यावर झालं, ते मी ऐकलं पण लिहीत नाही. खुलासा माझा आहे, त्यांचा नाही.

मी दोन पाट मांडले. रांगोळी काढली. म्हटलं, "भावोजी, बसा. बळवंत भावोजी, तुम्ही इकडे."

बळवंत जागचे हलेनात. "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"लोक महिनाभर विचारतायत, दोघांचं काय झालं. बसा म्हणजे कळेल."

तेव्हा आमचे हे पुढे आले. पस्तीस वर्षांच्या संसारात आपणहून कधी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस. तांब्या घेतला, वाकले, आणि आधी बळवंतांचे पाय धुतले. मग भावाचे. भावाने पाय मागे घेतला तर म्हणाले, "गप बस रे. लहान होतास तेव्हा रोज धुवायचो."

खणनारळाची ओटी भरायची वेळ आली तेव्हा मी अडले. खण दोघांतल्या कुणाला? सासूबाईंनी हे शिकवलं नव्हतं. सोनूबाई म्हणाल्या, "इचार कसलो करतंस? दोघांकव टॉवेल-टोपी दी." घरात होतं, दिलं. दोघं जेवले. पुरणपोळीवर दुसऱ्यांदा तूप वाढायला आलेल्या बाईकडे मी वळून बघितलं, तर विमलाताई. चादर ठेवून आल्या होत्या. तुपाची वाटी त्यांचीच होती.

तर हा खुलासा. मी पोथी सुरू केली, पुरी केली, जोडपं जेवू घातलं. नियमबाह्य काही झालं नाही. मेहूण कसं असावं याचा नियम कमिटीच्या पुस्तकात कुठे आहे तो दाखवावा, मी अक्षर लावून वाचीन. मला वेळ लागेल, पण मी वाचीन.

ट्रंक त्या दिवशी दोघांनी मिळून पलंगाखालून काढली. दारापर्यंत आणली. मी म्हटलं, "ठेवा परत. दर दुसऱ्या रविवारी येऊन आपली आपण पुसत जा." आता कानतुटका कप माझ्याकडे नाही, तो मी फोडला. कमिटीला चहाला यायचं असेल तर यावं, पण सांगून यावं, कारण चांगले कप घरात सहाच आहेत आणि रविवारी त्यातले दोन आधीच लागतात.

शेवंती दत्ताराम, खोली नंबर अकरा. सही माझीच.